शिट्टीवर येणारा मालक

आमच्या साइटवर गिलावा करणारा एक मिस्त्री होता, तो स्वतःकडूनच रजा मागायचा. थट्टा नाही करत. सकाळी गेटातून आत आला की खांद्यावरची घोंगडी विटांच्या ढिगावर टाकायचा, दोन्ही हात जोडायचा आणि समोर चिटपाखरू नसताना म्हणायचा, "मालक, परवाच्याला भाचीचं लगीन हाय. जाऊ का?" लगेच छाती पुढं काढून, मिशीवरून पालथी मूठ फिरवून, घोगऱ्या आवाजात स्वतःच उत्तर द्यायचा, "जा. पन रोज कापीन." पुन्हा हात जोडून, "कापा मालक. तुमचंच हाय समदं."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, उन्हानं माणसाचं डोकं फिरलं. दिवसच तसले होते. पावसानं दुसऱ्या वर्षीही हुलकावणी दिली होती, जायकवाडीचा तळ दिसायला लागला होता, आणि शहरात नळाला पाणी आलं की लोक लग्नघर असल्यासारखी धावपळ करायचे. नेमक्या त्याच दिवसांत चिकलठाण्याच्या पुढं जालना रोडला इमारतींवर इमारती उठत होत्या. नावं तर अशी, की वाचूनच तहान लागावी. अमुक सरिता आणि तमुक सागर. आमची कंपनी त्यातलीच एक. मी तिथं वायरमन होतो. आयटीआय करून उस्मानपुऱ्यात एका खोलीत बिऱ्हाड थाटलेला, नवीनच लग्न झालेला, आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असं वाटणारा.

मिस्त्री मूळचा देवगाव रंगारीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाप म्हातारा झाला तरी अजून कळपामागं फिरत होता. हा तरणा असताना थापी हातात धरून शहरात आला तो इथलाच झाला, पण घोंगडी काही सुटली नाही. मे महिन्यात अंगाची लाही लाही होत असताना ती घोंगडी खांद्यावर. विचारलं तर म्हणायचा, "ही हाय म्हनून ऊन आत शिरत नाय." पाण्याचा टँकर आला की हा हातातली थापी टाकून, मेंढरं हाकताना काढतात तसा जिभेनं आवाज काढायचा आणि आम्हाला सगळ्यांना हौदाकडं पिटाळायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी काय मेंढरू आहे का? पण पाय मात्र आपोआप उचलायचे, हेही खरं.

आणि एक सांगून टाकतो, उगाच कुणाचा गैरसमज नको. गिलाव्यात तो काही मोठा कलाकार वगैरे नव्हता. त्याच्या भिंतीला कुठं ना कुठं पोट सुटलेलं असायचंच. कोपरे तर विचारू नका. माझी स्विचबोर्डाची पेटी त्याच्या भिंतीत एकदाही सरळ बसली नाही, आणि यावरून आमची रोज जुंपायची.

"मिस्त्री, बघा ही भिंत. पोटुशी दिसायली."

"वायरमन, भिंत सरळ हाय. तुपली नदर वाकडी हाय."

"मग पेटी का बसत नाही?"

"कामून बसंल? पेटीला बी कळतं, लावनारा कोन हाय ते." असं म्हणून तो असा काही हसायचा, की भांडण तिथंच मरायचं.

आता ते मालक-मालक काय होतं, ते सांगितलं पाहिजे. आमच्या कंपनीत कामगार असा कुणी नव्हताच. गिलावावाला, फरशीवाला, नळवाला, रंगवाला आणि मी, सगळे ठेकेदार. कामाला लागताना एका कागदावर सही घेतली होती आणि मॅनेजरसाहेबांनी पाठीवर हात ठेवून गोड आवाजात सांगितलं होतं, "आजपासून तुम्ही कुणाचे नोकर नाही. स्वतःच्या धंद्याचे मालक. यायचं तेव्हा या, जायचं तेव्हा जा. स्वतःला नाही जमलं तर दुसरा माणूस पाठवा. आम्हाला काय, काम झाल्याशी मतलब." वर प्रत्येकाला कार्डं छापून दिली. नाव, आणि नावाखाली 'प्रोप्रायटर'. माझ्या बायकोनं तर एक कार्ड देवघरात ठेवलं होतं.

मालक झालो म्हणजे काय झालो, ते हळूहळू कळलं. फंड नाही, आजारपणाची सुटी नाही, जादा कामाचे पैसे नाहीत, आणि काही लागलं-खुपलं तर तुमचं तुम्ही बघा. यायचं तेव्हा या म्हणे! सकाळी नऊला वॉचमन शिट्टी वाजवायचा आणि गेट बंद. शिट्टीनंतर आलेला मालक अर्ध्या रोजावर. जेवायची शिट्टी वेगळी, टँकरची वेगळी. कुठल्या मजल्यावर काय करायचं, ते इंजिनिअर सांगणार. दुसऱ्या बिल्डरचं काम घेतलं तर इथलं बंद.

आम्ही बाकीचे कुरकुरायचो आणि गप्प बसायचो. मिस्त्री कधी कुरकुरला नाही. त्यानं मॅनेजरसाहेबांचं बोलणं शब्दन् शब्द खरं धरलं आणि त्यावरच त्यांच्या नाकी नऊ आणले.

कंपनीतर्फे सकाळी किटलीतून चहा यायचा. आम्ही तो निमूट प्यायचो. मिस्त्रीनं तो कधी तोंडाला लावला नाही. "एका मालकानं दुसऱ्या मालकाचा चहा रोज रोज कामून प्यावा? बरं दिसतं का ते?" तीन विटा मांडून, सेंटरिंगच्या ढलप्या पेटवून तो स्वतःचा गुळाचा काळा चहा करायचा. एवढ्यावर थांबला असता तर तो मिस्त्री कसला. इंजिनिअर समोरून जायला लागला की उठून उभा राहायचा, "या साहेब, टेका. तुमची कंपनी येगळी, आमची येगळी. पाव्हना दारावरून बिनचहाचा जातो म्हंजे काय?"

इंजिनिअर तरणा पोरगा, फोन सदानकदा कानाला. त्याला रागही यायचा आणि काय करावं ते सुचायचंही नाही. एक दिवस बिचारा खरंच बसला आणि चहा प्याला. मिस्त्रीनं फडक्यानं त्याच्यासाठी वीट पुसली, निघताना हात जोडले आणि विचारलं, "मंग आता आमी कवा यावं तुमच्याकडं?" फरशीवाला तर हसून हसून सिमेंटच्या गोण्यांवर आडवा झाला.

कार्डं त्यानं अशी वाटली, की निवडणुकीला उभा आहे की काय असं वाटावं. कंडक्टरला, पानटपरीवाल्याला, आणि कळप घेऊन विमानतळाच्या भिंतीकडेनं जाणाऱ्या गाववाल्या मेंढक्यांना. टँकरवाला एकदा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "क्या मालक, तुमारी कंपनी में नौकरी-बिकरी है क्या?"

"हाय की. पन नक्को येऊ. मालक लई खडूस हाय. रजाच देत नाय."

"तुम इच तो मालक है!"

"म्हनून तर सांगायलो."

मला तेव्हा हे सगळं पोरखेळ वाटायचं. म्हणायचो, माणूस विनोदात पोट भरून घेतो आणि काम तसंच राहतं. अजूनही पूर्ण चुकीचं वाटत नाही मला ते. पण एक होतं. तो तिथं असला की आमची मान थोडी वर असायची.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या घरचा कळप चाऱ्यापाण्यासाठी गोदावरीच्या काठाकडं न्यायचा होता. बाप आणि मेव्हणा घेऊन निघाले होते. शहराच्या अलीकडं मेव्हण्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सुजून हा एवढा झाला. म्हाताऱ्याला एकट्याला कळप आवरणं शक्य नव्हतं. मिस्त्रीनं इंजिनिअरला विचारलं, दोन-चार दिवस जाऊ का? पहिल्या मजल्याच्या गिलाव्याची घाई होती, टँकर मोठ्या मिनतवारीनं मिळत होते. इंजिनिअर म्हणाला, मुळीच नाही.

"आरं पन मी रजा कामून मागायलो?" मिस्त्री एकदम कपाळावर हात मारून म्हणाला. "मी तं मालक हाय. दुसरा मानूस पाठवतो की."

आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी शिट्टीच्या वेळेला गेटावर मेव्हणा हजर. डोक्याला मुंडासं, हातात काठी, पायाला चिंधी गुंडाळलेली, खांद्यावर घोंगडी आणि मागं कळपाचा कुत्रा. जन्मात थापी धरली नव्हती त्या माणसानं. पण दिलेलं काम मन लावून करायचं, एवढं त्याला ठाऊक. लंगडत लंगडत मजल्यावर गेला, माल कालवला, थापीवर घेतला आणि भिंतीवर फेकला. माल खाली. पुन्हा फेकला. पुन्हा खाली. कुत्रा दारात बसून प्रत्येक वेळी भुंकायचा. आम्ही सगळे कामं सोडून बघत उभे.

इंजिनिअर धावत आला. "हे काय आहे? कोण आहेस तू?"

मेव्हण्यानं बंडीच्या खिशातून कार्ड काढून त्याच्यापुढं धरलं. "मालकानं पाठिवलंय. त्यायचं काम मी करायलो, मपलं काम ते करायलेत."

इंजिनिअरचा पारा असा चढला की विचारू नका. आमच्या सगळ्यांसमोर ओरडला, "मला दुसरं कुणी चालणार नाही! तोच पाहिजे! उद्या सकाळी शिट्टीला तो स्वतः उभा नसला तर त्याचं काम कायमचं बंद, सांग त्याला!" मेव्हण्याला, काठीला, कुत्र्याला, सगळ्यांना गेटाबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. आम्ही गेटाशी पोचलो तर हा आधीच आत. इंजिनिअरच्या केबिनीतून बाहेर येत होता. आम्ही घेरलंच त्याला. काय झालं, काय झालं? त्यानं घोंगडी झटकली, खांद्यावर नीट टाकली आणि म्हणाला, "काय व्हनार? साहेब म्हनला, मालक, चुकलं आमचं. तुमच्याबिगर भिंती उभ्या राहत नाय. म्हनलो, जाऊ द्या, ल्हान हाव तुमी."

अहो, काय आनंद झाला आम्हाला! फरशीवाल्यानं तर त्याला उचलून घेतलं. ही गोष्ट पुढं या साइटवरून त्या साइटवर गेली. जालना रोडला कुठंही कामगार चहाला थांबले की कुणीतरी सांगायचंच, एका मिस्त्रीनं इंजिनिअरला कसं 'चुकलं' म्हणायला लावलं. मीही सांगितली, पाच-पंचवीस ठिकाणी सांगितली असेल. त्या दिवशी त्यानं चहा केला नाही, एवढं मला आठवतं. पाणी कमी आहे म्हणाला.

माझा अपघात त्यानंतरचा. नमुन्याचा फ्लॅट बघायला गिऱ्हाइकं यायची होती, आणि त्याआधी जिन्यातले दिवे लागलेच पाहिजेत असा इंजिनिअरचा हुकूम होता. मी बांबूच्या परांचीवर चढलो. बांधलेला काथ्या उन्हानं विरला होता, तो तुटला. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले ते सरकारी दवाखान्यात, खुबा मोडलेला.

मॅनेजरसाहेब सफरचंदं घेऊन भेटायला आले. मी आपला वेडा, मला वाटलं आता खर्चाचं बोलतील. त्यांनी खाटेच्या दांड्यावर हात ठेवला आणि तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "माणुसकी म्हणून आलो बरं का. तसा कंपनीचा काही संबंध येत नाही. तुम्ही आमचे कामगार नाही ना. ठेकेदार आहात." सफरचंदं ठेवली आणि काखा वर करून निघून गेले. बायकोनं घरी जाऊन देवघरातलं ते कार्ड चुलीत टाकलं.

डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन झालं तर काठीनं का होईना, चालशील. शिडीवर चढणं मात्र आता विसर. वायरमनला शिडी विसर म्हणणं म्हणजे घर विसर म्हणण्यासारखंच. हातात काही नव्हतं. उस्मानपुऱ्यातल्याच एका वकीलबाईंनी धीर दिला, कामगार कोर्टात भरपाईचा दावा लावला. म्हणाल्या, "सगळा प्रश्न एकच आहे. तुम्ही कामगार होता की नव्हता. होता, तर भरपाई. नव्हता, तर काही नाही. साइटवरचा एखादा साक्षीदार आणा."

एखादा! नळवाल्यानं कानांवर हात ठेवले. रंगवाला मला बघून रस्ता बदलायला लागला. ज्या फरशीवाल्याबरोबर एका डब्यात जेवलो, तो म्हणाला, "भाऊ, लेकरंबाळं हायेत." मी चिडलो, वाट्टेल ते बोललो त्याला. आज वाटतं, कुणाच्या तोंडानं चिडणार? त्याचंही काम त्याच गेटाच्या आत होतं.

मिस्त्रीला मी विचारलंच नव्हतं. तो आपण होऊन घरी आला, मला रिक्षात घातलं आणि वकीलबाईंसमोर नेऊन बसवलं. बाईंनी विचारलं, "मिस्त्री, कंपनीविरुद्ध साक्ष द्याल? काम जाईल तुमचं."

"दीन की बाई. भ्यायला आपुन काय कुनाचे नोकर हाव का?"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, एवढं एक वाक्य सोडून दुसरं काहीही बोला! तुम्ही दोघं नोकर होता, हेच मला सिद्ध करायचंय. मालकाला भरपाई मिळत नसते."

मिस्त्रीचं हसू मिशीतच अडकलं. "म्हंजे... कोर्टात उभं राहून मी नोकर हाय म्हनायचं?"

"जे खरं असेल ते म्हणायचं."

परत येताना रिक्षा आमच्या चौकात थांबली. उतरताना तो एवढंच म्हणाला, "नोकर म्हनायला तसं काय जातंय म्हना." आणि घोंगडी सावरत चालायला लागला. त्याच्या चालण्यात नेहमीचा तोरा नव्हता, हे मला मागून दिसत होतं.

साक्षीच्या दिवशी कंपनीकडून मॅनेजरसाहेब, इंजिनिअर आणि त्यांच्या बाजूनं बोलायला आणलेले आमचेच चार-सहा जण बाकावर बसले होते. फरशीवालाही त्यात होता. आमच्याकडून मी, कुबड्या, आणि माझी बायको. मिस्त्री धुतलेलं धोतर नेसून आला होता. शिट्टी, गेट, अर्धा रोज, हे सगळं त्यानं व्यवस्थित सांगितलं. मला हायसं वाटलं. मग कंपनीचे वकील उठले. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही की काही नाही.

"साइटवर तुम्हाला सगळे काय म्हणतात?"

"मालक."

"कुणी ठेवलं हे नाव?"

"म्याच."

"कंपनीचा चहा तुम्ही घेत नव्हता?"

"नाय."

"का बरं?"

"मालकानं मालकाचा चहा रोज पिऊ नये म्हनून."

"ही कार्डं तुम्हीच वाटत होता? 'प्रोप्रायटर' लिहिलेली?"

"व्हय."

"आणि एकदा तुम्ही स्वतः न येता आपल्या जागी दुसरा माणूस पाठवला. खरं आहे?"

"खरं हाय."

"परत आल्यावर इंजिनिअरसाहेब तुम्हाला म्हणाले, मालक, आमचं चुकलं. असं तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत. हे खरं आहे?"

ज्या गोष्टींवर आम्ही इतके दिवस हसलो होतो, त्या एकेक करून माझ्याविरुद्ध समोर येत होत्या. जो माणूस स्वतःला मालक म्हणवतो, स्वतःचा चहा पितो, दुसरा माणूस पाठवतो आणि साहेबाला माफी मागायला लावतो, तो नोकर कसा? आणि तो नोकर नाही, तर त्याच साइटवरचा मी कसा? बायको माझ्या बाहीला घट्ट धरून बसली होती. मला त्या क्षणी मिस्त्रीचा असा संताप आला, की सांगता सोय नाही. म्हटलं, बाबा रे, तुझ्या विनोदानं माझं वाटोळं केलं.

मिस्त्रीनं इंजिनिअरकडं पाहिलं. इंजिनिअर फोनकडं बघायला लागला. मग मिस्त्रीनं फरशीवाल्याकडं पाहिलं, त्यानं कधीतरी उचलून घेतलं होतं ना, त्याच्याकडं. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या. खरं आहे का?"

"सांगितलं व्हतं," मिस्त्री म्हणाला. "पन ते खोटं हाय."

"म्हणजे?"

"मेव्हन्याला हाकलला. मला निरोप आला, काम बंद. म्या मेंढरं वाटंतच म्हाताऱ्या बापावर टाकली अन् भेटंल त्या गाडीनं आलो. शिट्टीच्या आंदी पोचलो. साहेब त्यांच्या क्याबिनीत व्हते. म्या दार लावून घेतलं, ह्या लोकायला दिसू नये म्हनून." त्याचा आवाज इतका खाली गेला, की न्यायाधीशांनी जरा मोठ्यानं सांगायला लावलं. तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "दार लावलं अन् साहेबाच्या पाया पडलो. म्हनलो, काम बंद करू नका. साहेब म्हनले, पुन्हा आसं करशील का? म्हनलो, नाय करनार. म्हनले, अजून एकदा म्हन. अजून एकदा म्हनलो. मंग बाहीर येऊन ह्या लोकायला ते खोटं सांगितलं."

तो कठड्याला धरून उभा होता.

"मी नोकर हाय साहेब. मालक कुनाच्या पाया पडतो का? तवाबी नोकर व्हतो, आताबी हाय. मी नोकर, तर हा वायरमनबी नोकरच. ते मालक-मालक नुसतं मपलं बोलनं व्हतं. त्याबिगर रोज गेटाच्या आत पाय उचलत नव्हता."

कंपनीचे वकील खाली बसले. इंजिनिअरची मान खाली होती. फरशीवाला उठून बाहेर निघून गेला.

निकाल पुढं बऱ्याच दिवसांनी लागला आणि मी कामगार ठरलो. खुब्याचं दुसरं ऑपरेशन झालं, आणि उरलेल्या पैशांत उस्मानपुऱ्यात हे बल्ब-वायरीचं लहानसं दुकान टाकलं. इथं गिऱ्हाईक मला मालक म्हणतं, तेव्हा मला कसंतरीच होतं. आमच्या त्या कंपनीचं गेट मिस्त्रीला बंद झालं, ते अपेक्षितच होतं. दुसऱ्या बिल्डरांनीही त्याला कामावर घेतलं नाही. तो देवगाव रंगारीकडं गेला, खेड्यापाड्यांतल्या घरांचा गिलावा करायला लागला. साहेबानं 'चुकलं' म्हटल्याच्या त्या गोष्टीचं एक मात्र झालं. जालना रोडच्या चहाच्या ठेल्यांवर ती पुन्हा कुणी सांगितली नाही. मालक ही हाकही बंद झाली. ज्या नावानं तो इतकी वर्षं ताठ मानेनं जगला, ते त्यानं माझ्या खुब्यापायी सगळ्यांसमोर उतरवून ठेवलं होतं. उपकार हा शब्द मला कधीच आवडला नाही, पण दुसरा शब्द माझ्याकडं नाही.

साक्ष संपल्यावर तो व्हरांड्यात येऊन एका खांबापाशी उभा राहिला. मी कुबड्या टेकत त्याच्याजवळ गेलो. एक कुबडी बायकोच्या हातात दिली, खांबाला धरलं आणि मोडक्या खुब्यानं जमेल तसा खाली वाकायला लागलो.

त्यानं झटकन माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि मला वर उचलून सरळ उभं केलं.

"नको वायरमन," तो म्हणाला. "माझ्या पाया पडू नको. पडनाऱ्याला कसं वाटतं, ते मला ठावं हाय."